पहाटे ४ ला उठवणारं मांजराचं पिल्लू: लक्षण एकच, चार वेळा परत आलं, चारही वेळा कारण वेगळं

प्रॉब्लेम आधी सांगतो म्हणजे तुमचा तोच आहे का ते कळेल. पहाटे पावणेचार ते सव्वाचारच्या मधे केव्हातरी पिल्लू अंगावर चढतं, आधी पायाच्या अंगठ्याला चावतं, मग छातीवर येऊन नाकाला पंजा लावतं, तरी नाही उठलात तर टेबलावरचा चष्मा ढकलून खाली पाडतं. तुम्ही उठता, ते शेपटी ताठ करून किचनकडे पळतं, तुम्ही डोळे मिटूनच काहीतरी वाडग्यात टाकता आणि परत आडवे होता, पण झोप काही येत नाही. साडेनऊच्या मीटिंगमधे कॅमेरा बंद ठेवायची कारणं संपतात.

माझी परिस्थिती: पुण्यात वाकडला वन बीएचके, एकटा राहतो, ऑफिस आठवड्याचे पाचही दिवस, सकाळी सव्वानऊला बाहेर आणि घरी यायला सात सव्वासात. आयुष्यातलं पहिलं मांजर. आणलं असं म्हणता येणार नाही, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पार्किंगमधे एका गाडीच्या बॉनेटखालून रडायचा आवाज येत होता, वॉचमनकाकांनी हात घातला आणि बोचकारून घेतलं (त्यांना लगेच साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावला आणि डॉक्टरकडे पाठवलं, रस्त्यावरच्या मांजराने बोचकारलं तर रेबीजचं इंजेक्शन हा चेष्टेचा विषय नाही). आईने बाकीची पिल्लं हलवली होती आणि ही एक मागे राहिली, आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत लांबून वाट बघितली, पण आई काही फिरकली नाही. काळा, केशरी, पांढरा असे तिन्ही रंग अंगावर कसेही उधळलेले, म्हणून नाव भेळ. असे तीन रंग असलेलं मांजर जवळजवळ नेहमीच मादी असतं हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. दात बघून म्हणाले साधारण आठ आठवड्यांची आहे, वजन ८०० ग्रॅमच्या आसपास.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. इतक्या लहान पिल्लाला रोज दहा तास एकटं ठेवणं बरोबर नाही. मी ठेवलं कारण मला माहीतच नव्हतं. तुम्ही अजून पिल्लू आणलं नसेल आणि फुल टाइम नोकरी असेल तर निदान चार महिन्यांचं आणा, किंवा सरळ दीड दोन वर्षांचं मोठं मांजर घ्या, खूप सुखी राहाल. आणि आलंच असेल अंगावर माझ्यासारखं, तर पुढे वाचा.

पहिली वेळ: भूक

पहिल्या आठवड्यात मी ऑफिसला जाताना वाडगाभर ड्राय फूड ठेवायचो, घरी आल्यावर साडेआठला वेट फूड द्यायचो आणि माझ्या हिशोबाने पोर जेवली. पहाटे चारला ती ओरडायला लागली की मला वाटायचं लाडावलीये. आईला फोन केला, ती इस्लामपूरची, लहानपणी वाड्यात चार चार मांजरं असायची, म्हणाली अरे दूध-पोळी कुस्करून दे झोपताना, रात्रभर ढिम्म हलणार नाही. दिली. रात्रभर हलली नाही हे खरं, पण सकाळी जे काही हललं ते बाथरूमपासून शूरॅकपर्यंत पसरलेलं होतं. आईचं दूध सुटल्यावर बऱ्याच मांजरांना गाई-म्हशीच्या दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि ८०० ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे एका दिवसात अंगातलं पाणी कमी होऊ शकतं. आईची मांजरं दूध-पोळीवर जगली ते बरोबर आहे, पण ती दिवसभर उंदीर, पाली, झुरळं पण खात होती, ते आपण मोजत नाही.

डॉक्टरांनी हिशोब घालून दिला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एवढ्याशा पिल्लाचं पोट एवढंसंच असतं, चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि त्यानंतर दोन वेळा खाणं. आमची साडेआठला जेवायची, म्हणजे पावणेचारपर्यंत सव्वासात तास उपाशी. ओरडणार नाही तर काय करेल. त्यात सकाळी ठेवलेल्या वाडग्याला दुपारपर्यंत मुंग्या लागायच्या आणि ती तोंड लावायची नाही, हे मला पंधरा दिवस कळलंच नाही, संध्याकाळी उरलेलं दिसलं की मी समजायचो भूक नव्हती.

उपाय सोपा निघाला. साडेसहा, नऊ, दीड, साडेसात आणि रात्री अकरा, असं थोडं थोडं पाच वेळा. दीडचं थोडं नंतर सुरू झालं, कसं ते पुढे सांगतो. वेट फूड नेहमी आपण घरी असताना, कारण आपल्या हवेत ते दोन तासांत खराब व्हायला लागतं, मागे ठेवायचं ते ड्रायच. मुंग्यांसाठी वाडगा एका पसरट ताटलीत ठेवायचा आणि ताटलीत पाणी, आजीच्या काळात दुधाचं पातेलं ठेवायचे तसं. शिवाय पावसाळ्यात ड्राय फूड सादळतं, कुरमुऱ्यासारखं मऊ पडतं आणि ही बाईसाहेब वास घेऊन निघून जातात, त्यामुळे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

याच वेळी जंताचं औषध पण झालं. रस्त्यावरच्या पिल्लाला जंत असतातच असं धरून चालायचं, पोट टमटमीत आणि पाठीला हाडं लागताहेत असं दिसलं तर नक्कीच, आणि जंत असले की कितीही खाल्लं तरी भूक भागत नाही. एकदा देऊन चालत नाही, डॉक्टर सांगतील त्या अंतराने परत द्यायचं. माणसांची गोळी अर्धी करून वगैरे अजिबात नको. औषधावरून आठवलं, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते, ताप वाटला म्हणून देणारे लोक मी स्वतः बघितलेत.

रात्री अकराचं खाणं सुरू केल्यावर चार दिवसांत पहाटेचं ओरडणं बंद. मी जिंकलो असं समजलो.

दुसरी वेळ: मी स्वतः

जुलैच्या मध्यात परत सुरू. वेळ तीच, पावणेचार. पण आता वाडग्यात अकराचं थोडं उरलेलं असायचं, म्हणजे भूक नाही. मी उठलो की ती खायची पण नाही धड, दोन दाणे चावायची आणि पडद्यावर चढायची. तिथून कपाटावर, कपाटावरून माझ्यावर, परत पडदा.

इथे मी सगळ्या चुका करून घेतल्या त्या सांगतो. बेडरूमचं दार बंद करून झोपलो, तिने दार खरवडलं आणि असा गळा काढला की खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं कोणाचं बाळ आजारी आहे का. कुणीतरी सांगितलं पाण्याचा स्प्रे मार, मारला, त्याने ती ओरडायची थांबली नाही, फक्त मला बघून दोन दिवस पलंगाखाली बसायला लागली, ते बघून मलाच कसंतरी झालं. आणि सगळ्यात मोठी चूक, चार दिवस दुर्लक्ष करायचं आणि पाचव्या दिवशी वैतागून उठून खायला द्यायचं. याने काय होतं, तर पिल्लू शिकतं की पंधरा मिनिटं ओरडून नाही मिळालं तर चाळीस मिनिटं ओरडायचं, मिळतं. मी तिला जिद्द शिकवत होतो, स्वतःच्या खर्चाने.

मग एक साधा कॅमेरा बसवला, दिवसभर काय करते बघायला. तीन दिवसांचं फुटेज पळवत बघितलं आणि उत्तर तिथेच होतं. मी दार लावल्यावर दहा मिनिटं दारापाशी बसायची, मग सोफ्यावर चढून झोपायची, आणि थेट संध्याकाळी साडेसहापर्यंत झोप. मधे एकदा उठून पाणी, एकदा लिटर (शी-सूसाठी दाणे भरून ठेवलेलं खोकं), परत झोप. पिल्लं दिवसाला सोळा अठरा तास झोपतात हे ठीकच आहे, पण तिने सगळा कोटा माझ्या ऑफिसच्या वेळेत संपवला होता. मी रात्री अकराला गादीवर पडायचो तेव्हा तिची सकाळ उजाडलेली असायची.

त्यात मांजर खरंतर पूर्ण निशाचर नाही. त्याची जास्त चळवळ असते ती तिन्हीसांजेला आणि पहाटे, म्हणजे शिकार बाहेर पडायच्या वेळेला. तर पहाटे चार ही वेळ तिने मला छळायला निवडलेली नव्हती, ती तिच्या अंगातच आहे. आपल्याला ती घालवता येत नाही, पुढे ढकलता येते.

मी काय केलं ते आता सविस्तर, कारण याच भागाला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

दिवसाची झोप मोडायची. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू रत्नागिरीच्या, रिटायर्ड, मांजरांमधेच वाढलेल्या. त्यांना किल्ली दिली. दीडला येतात, खायला घालतात आणि पंधरा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसाने तिला नाचवतात. बदल्यात मी त्यांची ऑनलाइन बिलं भरतो आणि मोबाइलमधल्या सगळ्या तक्रारी सोडवतो, व्यवहार चोख आहे. काकू गावाला गेल्या की ऑटोमॅटिक फीडर दीडला दाणे टाकतो. असं माणूस मिळणं नशीब आहे हे मला कळतं. नसेल मिळत तर निदान फीडर घ्याच, आणि दुपारी वीस मिनिटांसाठी कोणी येऊन जाईल का ते पैसे देऊन का होईना बघा, चार महिन्यांच्या आतल्या पिल्लासाठी हे चैनीत मोडत नाही.

दाणे वाडग्यात द्यायचेच नाहीत असं पण सुरू केलं. अंड्याचा पुठ्ठ्याचा ट्रे घ्यायचा, खळग्यांत दोन दोन दाणे टाकायचे, वरून कागदाचे बोळे. पंजाने बोळे काढून एकेक दाणा मिळवायला तिला अर्धा तास लागतो. आणि खिडकीशी एक स्टूल, बाहेर कबुतरं, म्हणजे तिचा टीव्ही. पण जाळी असेल तरच! आमच्या सहाव्या मजल्यावर मी पहिल्याच आठवड्यात बाल्कनीला कबुतरांची नायलॉन जाळी घट्ट ताणून मारून घेतली. मच्छरदाणीच्या जाळीवर भरवसा ठेवू नका, नखांनी फाटते. मांजर कुठूनही पडलं तरी चार पायांवर येतं आणि त्याला काही होत नाही हा गैरसमज आहे, जबडा आणि पाय मोडलेली मांजरं दवाखान्यात बघितलीत मी.

रात्रीचा क्रम. मांजराचा नैसर्गिक क्रम असा की शिकार, मग खाणं, मग अंग चाटणं, मग झोप. मी उलटं करत होतो, अकराला खायला घालायचो आणि झोपायचो, ती पेट्रोल भरून तयार. आता सव्वादहाला खेळ सुरू. पिसाची काठी, आणि खेळवायचं म्हणजे तोंडासमोर हलवत बसायचं नाही, उंदीर कसा पळेल तशी ती सोफ्याच्या कडेने सरपटत न्यायची, थांबवायची, उशीमागे लपवायची. पहिली पाच मिनिटं ती नुसती दबा धरून बसते, तेव्हा कंटाळून सोडू नका, तोही खेळच असतो. वीस पंचवीस मिनिटांत धापायला लागते, मग हळूहळू कमी करायचं, शेवटी एकदा धरू द्यायचं आणि लगेच खाणं. खाल्लं की बसते चाटत आणि साडेअकराला आडवी. दोन गोष्टी इथे: हाताने खेळवायचं नाही, आता गोड वाटतं पण सहा महिन्यांनी तेच दात मोठे होतात. आणि खेळ झाला की दोऱ्याची काठी कपाटात, कारण दोरा, लोकर, राखीचा धागा, संक्रांतीला मांजा, काहीही गिळलं तर आतडी गोळा होऊन ऑपरेशनच करावं लागतं. शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

आणि तिसरं, पहाटेचं खाणं माझ्या हातून काढून घेतलं. फीडरला साडेसहाऐवजी पहिले काही दिवस पावणेपाचची वेळ लावली आणि मग दर तीन चार दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे. म्हणजे खाणं मला उठवून येत नाही, त्या डब्यातून येतं, हे तिच्या डोक्यात बसलं की ती डब्याला छळते. डबा काही उठत नाही.

या काळात ओरडली तरी हलायचं नाही. डोळे उघडायचे नाहीत, शुक् शुक् पण करायचं नाही, कारण तिच्या दृष्टीने रागावणं म्हणजे पण लक्ष देणंच. हे कमी व्हायच्या आधी वाढतं, हे मात्र आधीच माहीत असू द्या. माझ्याकडे पाचव्या आणि सहाव्या रात्री तिने कहर केला, चष्मा, मोबाइल, पाण्याची बाटली, सगळं खाली. मी रडकुंडीला आलो होतो. चष्मा ड्रॉवरमधे ठेवून परत झोपलो. अकराव्या रात्रीनंतर शांत. मधे एकदा जरी उठलात तर परत एकपासून मोजायला लागतं, हे मी चुलत भावाला सांगितलं होतं जो राहायला आलेला, तरी त्याने सातव्या रात्री बिस्किट दिलंच. म्हणून अकरा, नाहीतर कदाचित आठच झाल्या असत्या.

तिसरी वेळ: घाण

हे छोटं आहे. ऑगस्टमधे परत दोनदा तीनदा पहाटे उठवलं, पण वेगळं, किचनकडे नाही, बाथरूमकडे घेऊन जायची आणि पायपुसण्यावर सू करायची. लिटरबॉक्स मी फक्त सकाळी साफ करत होतो, पावसाळ्याच्या दमटपणात पहाटेपर्यंत तो भरलेला आणि वास मारणारा. मोठी होत होती, प्रमाण वाढलं होतं, माझं साफ करणं तेवढंच. आता सकाळी आणि झोपायच्या आधी दोन्ही वेळा, आणि एकाच्या जागी दोन बॉक्स. त्यातच लक्षात आलं की कामाच्या मावशी बॉक्सच्या आजूबाजूला फिनाईल ओतून पुसत होत्या. फिनाईल मांजराला धोक्याचं, पंजाला लागतं, ती चाटते, पोटात जातं. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, ‘दादा, मग वास कसा जाणार?’ साबणाच्या पाण्यावर तडजोड झाली. जिथे सू झाली तिथे एन्झाइमवालं क्लीनर मारा, नुसत्या पाण्याने आपल्याला वास जातो, तिला जात नाही, ती तिथेच परत करते. आणि अगदी लहान पिल्लाला ओली झाली की गोळे होणारी बेंटोनाइट (चिकणमातीची) लिटर देऊ नका, ती खाऊन बघतात, टोफूची किंवा लाकडाच्या दाण्यांची बरी.

बोका असेल तर मात्र एक लक्षात ठेवा. लिटरमधे सारखा जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि येत काहीच नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. लघवी अडकलेली असू शकते आणि त्यात मांजर एक दोन दिवसांत जाऊ शकतं. रात्री जो दवाखाना उघडा असेल तिथे.

चौथी वेळ: वय

ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नवरात्रात, सगळं सुरळीत चाललेलं असताना एका रात्री ती अशा आवाजात ओरडायला लागली की मी खरंच घाबरलो. म्याऊ नाही, खोल पोटातून, लांबलचक. खालच्या मैदानात गरब्याचे स्पीकर लागलेले, मला वाटलं आवाजाला घाबरली. खिडक्या लावल्या, पंखा वाढवला, कुशीत घेतलं. गरबा दहाला बंद, ही चालूच, पहाटे चारला तर दाराशी जाऊन. खेळवलं तर खेळेना, खाणं अर्धवट, जमिनीवर लोळायची, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग वर करून शेपटी बाजूला. मला वाटलं पाठीला काहीतरी लागलंय. गूगल केलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं पण मी आधी डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आणि सकाळी काकूंना सांगितलं की भेळ आजारी आहे. काकूंनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि हसायलाच लागल्या. ‘अरे आजारी कसली, माजावर आलीये ती. भाटी आहे ना, वयात आली.’

साडेपाच महिन्यांची होती. मला वाटत होतं वर्षाच्या आत काही नसतं. तर मांजरी चार महिन्यांपासून पुढे कधीही माजावर येऊ शकते, तो माज साधारण आठवडाभर चालतो आणि बोका नाही मिळाला तर दोन तीन आठवड्यांनी परत येतो, परत, परत. या काळात दुर्लक्ष, खेळ, फीडर, काहीही चालत नाही, कारण सवयीचा प्रश्नच नाही. आणि दारातून सटकायला बघते. घरात आलेला प्रत्येक माणूस, कुरिअरवाला, दूधवाला, मी स्वतः, दार उघडताना खाली बघूनच उघडायचं. नाहीतर दोन महिन्यांनी चार पिल्लं आणि पहाटे चारला पाच आवाज.

डॉक्टर म्हणाले हा माज ओसरू दे, कारण त्या काळात तिथला रक्तपुरवठा वाढलेला असतो, मग नसबंदी करू, आणि दिवाळीच्या बऱ्याच आधी करू म्हणजे फटाक्यांच्या वेळी टाके आणि गळ्यातला कोन दोन्ही निघालेले असतील. किती तास उपाशी ठेवायचं ते त्यांना विचारूनच, लहान मांजराला आपल्या मनाने रात्रभर उपाशी ठेवू नका. ऑपरेशन सकाळी, संध्याकाळी घरी, मी तीन दिवस वर्क फ्रॉम होम मागून घेतलं. मॅनेजरला ‘घरात मेडिकल प्रोसिजर आहे’ एवढंच सांगितलं, खोटं काहीच नव्हतं. पहिली रात्र ती दारूड्यासारखी भिंतीला आपटत होती, उंचावर चढू द्यायचं नाही, जमिनीवरच बिछाना घालून मीही खालीच झोपलो. दहा बारा दिवस टाके चाटू नये म्हणून कोन, तो तिने दोनदा काढला, मग जुन्या टीशर्टची बाही कापून चार भोकं पाडून अंगात घातली, ती मात्र टिकली. त्यानंतर तो खोल आवाज परत कधी नाही.

हे लवकर करा एवढंच माझं म्हणणं. पहिल्या लसीला जाल तेव्हाच नसबंदी कधी करायची ते विचारून कॅलेंडरवर टाका. भेळची पहिली लस आठ आठवड्यांना, मग बारा आणि सोळा, रेबीजची बाराव्या आठवड्यात, तेवढ्या फेऱ्या दवाखान्यात मारल्या आणि एकदाही हा विषय मी काढला नाही.

दुसरं पिल्लू आणू का

हे सगळे सांगतात, एकाला करमत नाही, दोन आणली की एकमेकांना दमवतात. खरं आहे, फुल टाइम नोकरीवाल्यांसाठी तर जास्तच, आणि एकाच आईची दोन मिळत असतील तर सुरुवातीलाच दोन आणा. पण पहाटेचा प्रॉब्लेम सोडवायला म्हणून महिन्या दोन महिन्यांनी दुसरं आणणं मला पटलं नाही. खर्च दुप्पट, लिटर तिप्पट, नवीन आलेल्याला लस आणि तपासणी होईपर्यंत वेगळ्या खोलीत ठेवायचं, आणि वन बीएचकेत वेगळी खोली म्हणजे बाथरूम. पटलं नाही तर दोघं मिळून चारला उठवणार. मी नाही आणलं.

शोधायचं कसं

आता कोणी विचारलं की मी उलटे प्रश्न विचारतो. शेवटचं खाणं किती वाजता. उठल्यावर खरंच खातंय की नुसतं उठवतंय. किचनकडे नेतंय की लिटरकडे की दाराकडे. दिवसभर काय करतं हे बघितलंय का, का अंदाज आहे. नसबंदी झालीये का. यातच नव्वद टक्के वेळा उत्तर सापडतं (हा आकडा माझ्या मित्रमंडळींतला, मनावर घेऊ नका). आणि अचानक बदललं असेल, खाणं सोडलं असेल, उलट्या, जुलाब, सुस्ती यातलं काहीही सोबत असेल तर हे सगळं वाचत बसू नका, डॉक्टर. पिल्लाने दिवसभर काही खाल्लं नाही ही आपल्यासाठी साधी गोष्ट असते, त्याच्यासाठी नसते.

सध्याची स्थिती: फीडर सव्वासहाला वाजतो. भेळ पावणेसहाला उठते आणि त्याच्यासमोर जाऊन बसते, मला विचारत नाही. परवा त्याचे सेल संपले होते, तर सहा वाजून वीस मिनिटांनी छातीवर चार किलोचं वजन आलं आणि चष्मा, जो आता ड्रॉवरमधे असतो, तो ड्रॉवर खरवडल्याचा आवाज. सेल फुल चार्ज दाखवत असले तरी दोन महिन्यांनी बदलत जा, आणि जास्तीचे घरात ठेवा. मी त्या दिवशी टीव्हीच्या रिमोटमधले काढून घातले.